स्टिकर ५जीचा, पैसे कशाचे?

मोबाइलच्या दुकानात काउंटरवर दोन बॉक्स शेजारी शेजारी ठेवलेले असतात. नाव एकच, रंग एकच, बॅटरीचा आकडाही एकच. एकावर नावापुढे ‘५जी’ एवढंच जास्त, आणि किमतीत दोनेक हजारांचा फरक. दुकानदार म्हणतो, “काका, आता फोर-जी कोण घेतं? दोन हजारांनी काय होतंय!” काका मुलाकडे बघतात. मुलगा स्वतःच्या फोनमध्ये बघत असतो.

सासऱ्यांसाठी, मावसभावासाठी, सोसायटीतल्या वॉचमनकाकांसाठी अशा काउंटरसमोर मी बऱ्याचदा उभा राहिलो आहे. प्रश्न दर वेळी हाच असतो. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. आठ ते पंधरा हजारांच्या फोनमध्ये बहुतेकांनी ५जीची आवृत्तीच घ्यावी, पण ती ५जीच्या वेगासाठी घेऊ नये. आणि ज्याने ती मुळीच घेऊ नये, असं एखाद-दुसरं माणूसही आपल्या प्रत्येकाच्या घरात असतंच. आपण कोणत्या गटात बसतो हे दुकानात ठरत नाही. ते घरी, आपलं सिम, आपलं रिचार्ज आणि आपल्या घराच्या भिंती बघून ठरतं.

वेग लागतो तरी किती?

आधी वेगाचं भूत उतरवू. पूर्ण एचडी, म्हणजे १०८० रेषांचा व्हिडिओ यूट्यूबवर न अडखळता चालायला साधारण ५ एमबीपीएस वेग पुरतो. ७२० रेषांच्या व्हिडिओला त्याच्या निम्मा. स्वस्त फोनांपैकी बऱ्याच फोनांचा पडदाच ७२० रेषांचा असतो, म्हणजे त्यापेक्षा स्पष्ट चित्र मागवलं तरी डोळ्याला ते दिसणार नाही. फोनपे-गुगलपेचा व्यवहार, व्हॉट्सॲपचा निरोप, रेल्वेचं तिकीट यांना तर अगदी किरकोळ डेटा लागतो. चांगलं चालणारं ४जी १५-२० एमबीपीएस देत असेल, तर एका माणसाचं रोजचं काम त्यात आरामात भागतं.

फरक जाणवतो तो मोठी फाइल उतरवताना. १ जीबीचा एखादा खेळ किंवा सिनेमा २० एमबीपीएसने उतरायला पावणेसात मिनिटं लागतात. ५जीवर २०० एमबीपीएस मिळाले तर तेच काम ४० सेकंदांत होतं. पण असं काम आपण दिवसातून किती वेळा करतो? आठवड्यातून एकदा करत असू, तर सहा मिनिटं वाचवायला दोन हजार मोजतोय, एवढंच.

खरा फायदा दुसरीकडे आहे, आणि तो गर्दीत कळतो. ४जीचा एक पट्टा जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ रुंद असतो. भारतात ५जीसाठी मुख्यतः वापरल्या जाणाऱ्या ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झच्या भागात तो १०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद असू शकतो. दोन पदरी रस्त्याच्या जागी दहा पदरी रस्ता झाल्यासारखंच हे. रात्री अकराला दोन पदरी रस्ताही मोकळाच असतो, पण संध्याकाळी साडेसहाला दादर स्टेशनच्या पुलावर, गणपतीत लालबागच्या रांगेत किंवा वारीच्या मुक्कामाच्या गावात ४जीच्या सगळ्या रेषा दिसत असूनही ‘पेमेंट प्रोसेसिंग’चं चाक फिरत राहतं. अशा ठिकाणी ५जीचा फोन सुटतो. गर्दीत काम करणाऱ्यांनी, म्हणजे रिक्षा-टॅक्सीवाला, पार्सल पोचवणारा, रोज लोकलने जाणारा, यांनी हा मुद्दा ठळक अक्षरांत लिहून ठेवावा. शेताच्या बांधावर बसून भाव बघणाऱ्याला याचं काही नाही.

मग दोन हजार जातात कुठे?

एक जुनं पण बोलकं उदाहरण घेतो. १ ऑगस्ट २०२३ रोजी रेडमी १२ हा फोन भारतात दोन रूपांत आला, एक ४जी आणि एक ५जी. दोघांचा पडदा तोच, ६.७९ इंचांचा. बॅटरी तीच, ५००० एमएएचची. चार्जिंगही तेच. पण आत उघडून बघितलं तर दोन वेगळे फोन. ४जीत हेलिओ जी८८ ही १२ नॅनोमीटरवर बनलेली चिप होती, तर ५जीत स्नॅपड्रॅगन ४ जेन २ ही ४ नॅनोमीटरची. हा आकडा जितका लहान, तितकी चिप नव्या पद्धतीने बनलेली आणि तेच काम कमी वीज खाऊन, कमी तापून करणारी, असं साधारण समजायला हरकत नाही.

दुसरा फरक स्टोरेजचा, आणि तो दुकानात कोणीच सांगत नाही. ४जी रूपात ईएमएमसी जातीचं स्टोरेज होतं, ५जीत यूएफएस. कोकणातला एकेरी पूल आठवा. पलीकडून एसटी येत असेल तर अलीकडच्याने थांबायचं. ईएमएमसीचं असंच असतं. एका वेळी एकतर लिहायचं, नाहीतर वाचायचं. यूएफएस हा दुहेरी पूल आहे. फोन नवा असतो तेव्हा दोन्ही सारखेच पळतात. दीड-दोन वर्षांनी व्हॉट्सॲपचे फोटो, लग्नांचे व्हिडिओ आणि शाळेच्या ग्रुपवरच्या पीडीएफ साठल्या, की ईएमएमसीवाला फोन ॲप उघडायला जांभया देऊ लागतो. ‘फोन स्लो झालाय’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या अनेकांचा दोष नेटवर्कचा नसतो, तो या एकेरी पुलाचा असतो.

म्हणजे वरचे पैसे मोजून बहुतेकदा मिळते ती नवी चिप आणि वेगवान स्टोरेज. ५जी त्या चिपबरोबर फुकटात येतं. म्हणूनच मी म्हणतो, ५जीचा फोन घ्या, पण ५जीसाठी नको.

हा नियम मात्र डोळे झाकून लावू नका. त्याच रेडमी १२च्या ४जी रूपाला मागे तीन कॅमेरे होते, त्यात एक ८ मेगापिक्सेलचा वाइड कॅमेरा. ५जीवाल्याला तो नव्हता, तिथे दोनच कॅमेरे. सॅमसंग गॅलॅक्सी ए१४मध्येही असंच झालं. वाइड कॅमेरा ४जी फोनला आणि ५जीला नाही. चिपवर जास्त खर्च झाला की कंपनी तो दुसरीकडून कापते. कधी कॅमेऱ्यातून, कधी पडद्यातून, कधी रॅममधून. तेव्हा दोन्ही बॉक्सच्या मागचा बारीक मजकूर ओळीला ओळ लावून वाचा. जिथे फरक सापडेल तिथे बोट ठेवा आणि स्वतःलाच विचारा, हे मला लागतं का?

तिसरा फरक आयुष्याचा. सॅमसंग गॅलॅक्सी ए०६ हा फोन सप्टेंबर २०२४ मध्ये आला, त्याचं ५जी रूप फेब्रुवारी २०२५ मध्ये. ६४ जीबीच्या फोनांची सुरुवातीची किंमत अनुक्रमे ९,९९९ आणि १०,४९९ रुपये, म्हणजे फरक अवघा पाचशेचा. पण ४जीला अँड्रॉइडच्या पुढच्या दोन आवृत्त्यांचं आश्वासन होतं आणि ५जीला चार. जुन्या अँड्रॉइडला बँकांची ॲप्स हळूहळू सोडून देतात. ज्या फोनवर तुम्ही पेन्शन बघता आणि गॅसचे पैसे भरता, त्याला सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार हा प्रश्न कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा मोठा आहे. एक लक्षात ठेवा, ही वर्षं फोन बाजारात आल्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतल्या दिवसापासून नाही. दीड वर्षापूर्वी आलेला फोन दिवाळीच्या सेलमध्ये घेतलात, तर त्याचं दीड वर्ष आधीच सरलेलं असतं.

ही नावं पुढच्या वर्षी बदलतील. तुम्ही दुकानात जाल तेव्हा काउंटरवर दुसरेच बॉक्स असतील. पण बघायच्या गोष्टी याच: चिप, स्टोरेजची जात, कॅमेरे आणि अपडेटची वर्षं.

तुमच्या घरात ५जी येतं का?

१ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीत भारतातल्या ५जीचं उद्घाटन झालं. एअरटेलने पहिल्याच आठवड्यात ज्या आठ शहरांत ते सुरू केलं, त्यांत आपल्याकडची मुंबई आणि नागपूर होती. जिओच्या पहिल्या चार शहरांतही मुंबई होतीच. व्होडाफोन-आयडियाला मुंबईत ५जी सुरू करायला मार्च २०२५ उजाडला. बीएसएनएलचं तर देशभरातलं ४जीच सप्टेंबर २०२५ मध्ये रीतसर सुरू झालं. त्यामुळे ‘आपल्या गावात ५जी आलंय’ हे वाक्य अर्धवट आहे. कोणाचं आलंय, ते विचारा.

कंपनी कळली तरी काम संपत नाही. गावात टॉवर असणं वेगळं आणि स्वयंपाकघरात रेंज असणं वेगळं. विसर्जन मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असताना खिडक्या लावलेल्या घरात काय ऐकू येतं? ढोलाचा ठोका येतो, झांजा येत नाहीत. रेडिओलहरींचंही असंच आहे. ७०० मेगाहर्ट्झसारख्या कमी वारंवारतेच्या लहरी लांब जातात आणि भिंती ओलांडतात, पण त्यांवर माल कमी मावतो. ३,३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरी भरपूर माल वाहतात, पण चिऱ्याची जाड भिंत, सिमेंटचा स्लॅब, दाट झाडी यांच्यापुढे दमतात. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा जिओने २०२२च्या लिलावात घेतला. म्हणून एकाच वाड्यात एकाच्या फोनवर माजघरात ५जी दिसतं आणि दुसऱ्याचं ओसरीवरच थांबतं.

हे तपासायला दोन मार्ग आहेत. पहिला, आपल्या मोबाइल कंपनीच्या संकेतस्थळावरचा रेंजचा नकाशा. असे नकाशे कंपन्यांनी लोकांसमोर ठेवावेत, असा आदेश दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने दिलेला आहे. त्यात ४जी आणि ५जी वेगवेगळं दिसतं. पण नकाशा छपराच्या वरचं सांगतो, छपराखालचं सांगत नाही. दुसरा मार्ग त्याहून चांगला आणि फुकटचा आहे. भाचा, पुतण्या, शेजारी, ज्याच्याकडे ५जी फोन असेल त्याला संध्याकाळी चहाला बोलवा. तुमचं सिम त्याच्या फोनमध्ये घाला, कारण जिओ-एअरटेलची ४जी सिम ५जीलाही चालतात. ५जीचं रिचार्ज नसेल तर त्याच कंपनीचं त्याचं स्वतःचं सिम वापरा. मग घरभर फिरा. जिथे तुम्ही रोज बसता, झोपता, काम करता, तिथे उभे राहा. रात्री नऊच्या सुमाराला, म्हणजे सगळी आळी नेटवर असताना, वेग मोजणारं एखादं ॲप चालवून बघा आणि मग तोच फोन ४जीवर टाकून पुन्हा बघा. आकड्यांत दुपटीहून जास्त फरक पडला नाही, तर ५जीचा मुद्दा तुमच्यापुरता तरी बाद.

‘५जी’ लिहिलेलं सगळं एकसारखं नसतं

भारतात ५जी दोन पद्धतींनी आलं. जिओने ते स्वतंत्रपणे, नव्या पायावर उभं केलं. याला ‘स्टँडअलोन’ किंवा थोडक्यात ‘एसए’ म्हणतात. एअरटेलने आधीच्या ४जीच्या खांबाला धरून ५जी चालवायला सुरुवात केली. त्याला ‘नॉन-स्टँडअलोन’ किंवा ‘एनएसए’ म्हणतात. नंतर त्यांनीही काही ठिकाणी स्वतंत्र पद्धत सुरू केली, पण मुख्य भर या दुसऱ्या पद्धतीवर राहिला.

बहुतेक फोनांना दोन्ही पद्धती कळतात, म्हणून याची कोणी पर्वा करत नव्हतं. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये ८,४९९ रुपयांना रेडमी ए४ ५जी हा फोन आला आणि त्याला फक्त ‘एसए’च कळत होतं. जिओच्या सिमवर तो ५जी फोन, तर एअरटेलच्या ‘एनएसए’ ५जीपुरता मात्र ४जी फोन. बॉक्सवर ‘५जी’ लिहिलेलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. फक्त ते कोणाच्या सिमसाठी, हे त्या अक्षरांत मावत नव्हतं.

यातून धडा एवढाच घ्यायचा, की दहा हजारांच्या आतला ५जी फोन घेताना कंपनीच्या माहितीपत्रकात ‘एसए आणि एनएसए’ असं दोन्ही लिहिलंय का ते बघा. त्याच तक्त्यात ५जीच्या पट्ट्यांची यादी असते. तिच्यात एन७८ हवाच, आणि जिओचं सिम असेल तर एन२८, म्हणजे तो ७०० मेगाहर्ट्झचा पट्टाही हवा. ४जी फोन घेत असाल आणि सिम बीएसएनएलचं असेल, तर ४जीच्या यादीत बँड २८ आणि बँड १ आहेत का ते तपासा. बीएसएनएलचं सिम खूप जुनं असेल तर आधी ते ४जीचं करून घ्या. नाहीतर नव्या फोनला उगाच दोष द्याल.

दुसरी किंमत, जी बिलावर नसते

फोनची किंमत एकदा मोजायची, पण रिचार्ज दर महिन्याला. जुलै २०२४ मधल्या दरवाढीपासून जिओ आणि एअरटेल या दोघांनीही अमर्याद ५जी हे मुख्यतः रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनवाल्यांपुरतं ठेवलं. त्या दरवाढीत जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २९९ रुपयांवर गेला, आणि रोज २ जीबीचा ३४९वर. फरक ५० रुपयांचा. २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षात १३ रिचार्ज होतात, म्हणजे ६५० रुपये. फोन तीन वर्षं वापरलात तर १,९५० रुपये.

हा आकडा पुन्हा एकदा वाचा. काउंटरवर ज्या दोन हजारांवर आपण घासाघीस करतो, जवळपास तेवढेच दोन हजार ५जी वापरण्यासाठी पुढच्या तीन वर्षांत सुटे सुटे निघून जातात. दर बदलत राहतात, तुम्ही वाचाल तेव्हा प्लॅनचे आकडेही वेगळे असतील. पण हिशेबाची रीत हीच. आज जे रिचार्ज करता ते लिहा, शेजारी अमर्याद ५जी देणारं सर्वांत स्वस्त रिचार्ज लिहा, वजाबाकी करा आणि वर्षभरात जितके रिचार्ज होतात तितक्याने गुणा.

हीच वजाबाकी काही घरांत उलट दिशेने फायद्याची ठरते. घरात वायफाय नाही, दोन मुलं कॉलेजात, एकाचे ऑनलाइन क्लास, दुसऱ्याच्या लॅपटॉपला इंटरनेट हवं. अशा घरात एका ५जी फोनवर अमर्याद डेटाचं रिचार्ज मारून हॉटस्पॉट चालू केला, तर ब्रॉडबँडचं महिन्याचं बिल वाचू शकतं. अट एकच, घरात ५जी खरोखर पोचत असलं पाहिजे. म्हणून चहाचं ते आमंत्रण टाळू नका.

बॅटरीचं रडगाणं

‘५जी बॅटरी खातं’ ही तक्रार निम्मी खरी आहे. ५जीचा चांगला सिग्नल असेल आणि चिप नवी असेल, तर ४जी फोनपेक्षा तो फार मागे पडत नाही. कधी कधी पुढेही जातो, कारण लहान नॅनोमीटरची चिप एकूणच कमी वीज पिते. बॅटरी संपते ती उंबरठ्यावर. रत्नागिरीजवळच्या आमच्या एका नातेवाइकांचं घर नेमकं अशा जागी आहे. अंगणात ५जी, पडवीत कधी आहे कधी नाही, आत ४जी. फोन दिवसभर आत-बाहेर शोधाशोध करत राहायचा आणि संध्याकाळी चारलाच चार्जर मागायचा. सेटिंग्जमध्ये मोबाइल नेटवर्कखाली ‘प्रिफर्ड नेटवर्क टाइप’ अशा नावाचा पर्याय असतो. तिथे आम्ही ४जी निवडून दिलं आणि फोन रात्रीपर्यंत टिकायला लागला. बाजारात गेले की ते स्वतःच पुन्हा ५जी चालू करतात.

या किश्शातून दोन गोष्टी कळतात. बॅटरीच्या भीतीने ५जी फोन नाकारायची गरज नाही, कारण तो हवा तेव्हा ४जी फोन होऊ शकतो. ४जी फोनला मात्र ५जी होता येत नाही.

४जी कोणी खुशाल घ्यावा?

ज्यांचा फोन मुख्यतः घरच्या वायफायवर चालतो आणि बाहेर फक्त कॉल, व्हॉट्सॲप व पैसे देणं एवढंच काम असतं, त्यांनी. माझ्या सासऱ्यांनी ४जीच घेतला आणि वाचलेल्या पैशांतून चांगलं कव्हर, काच आणि कानाला लावायचं यंत्र घेतलं. बीएसएनएलचं सिम वापरणाऱ्यांनी, जोवर आपल्या भागात त्यांचं ५जी आल्याची खात्री होत नाही तोवर. दुसरा फोन म्हणून घेणाऱ्यांनी, म्हणजे दुकानाच्या गल्ल्यावर क्यूआर कोडचे पैसे आले का बघायला किंवा शेतातल्या मोटारीच्या कंट्रोलरवर लक्ष ठेवायला. ज्यांच्या खोऱ्यात, घाटात किंवा वाडीवर एकाच कंपनीची रेंज कशीबशी येते आणि तीही ४जीचीच, त्यांनी.

आणि ज्यांचं बजेट ताणून ताणून संपलंय, त्यांनीही. पाचशे-हजार जास्त घालून ६४ जीबीचा ५जी फोन घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशांत १२८ जीबीचा ४जी बरा. ६४ जीबीतली बरीच जागा फोन स्वतःच अडवतो, उरलेली व्हॉट्सॲप सहा महिन्यांत भरतं. मेमरी कार्ड टाकता येतं हे खरं, पण कार्डावर फोटो जातात, ॲप्स बहुतेक आतच राहतात. यातून तिसरी वाटही निघते. तेवढ्याच पैशांत गेल्या वर्षीचा, थोडा वरच्या दर्जाचा ५जी फोन सेलमध्ये मिळतो का ते बघायचं. फक्त त्याच्या अपडेटची वर्षं आधी मोजायची.

“पुढे ४जी बंद पडलं तर?” असं कोणी घाबरवलं, तर घाबरू नका. देशातल्या फोनांचा केवढा तरी भाग अजून ४जीवर आहे. एअरटेलचं ‘एनएसए’ ५जी स्वतःच ४जीला धरून चालतं, आणि बीएसएनएलने तर ४जीची जाळी नुकतीच विणली आहे. तुमच्या आजच्या फोनचं आयुष्य संपण्याआधी ४जी संपेल, असं मानायला काही कारण दिसत नाही.

दुकानात गेल्यावर

घरी रिचार्जची वजाबाकी झाली, घरभर फिरून रेंज बघून झाली, की काउंटरवर विचारायचं फार थोडं उरतं.

१. स्टोरेज यूएफएस की ईएमएमसी? दुकानदाराला माहीत नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर तिथेच उघडून बघा.

२. खरी रॅम किती? ‘४ अधिक ४, म्हणजे ८ जीबी’ असं लिहिलं असेल तर पहिले चारच खरे. पुढचे चार स्टोरेजमधून उसने घेतलेले, आणि ईएमएमसीच्या एकेरी पुलावरून ती उसनवारी फारच सावकाश येते.

३. फोन बाजारात कधी आला आणि अपडेट कधीपर्यंत?

४. दोन सिम आणि मेमरी कार्ड असं तिन्ही एकाच वेळी बसतं का? काही फोनांत दुसरं सिम किंवा कार्ड, यांपैकी एकच बसतं. घरचं आणि कामाचं अशी दोन सिम असणाऱ्याला हे बाहेर पडल्यावर कळलं तर पश्चात्ताप होतो.

५. ५जी घेत असाल तर ‘एसए आणि एनएसए’ दोन्ही, आणि एन७८ पट्टा.

६. बॉक्सचं सील तुमच्या डोळ्यांदेखत फोडा. फोनवर *#०६# दाबून येणारा आयएमईआय क्रमांक बॉक्सवरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवा. जुना फोन घेत असाल तर हे फारच महत्त्वाचं. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मोकळी जागा आणि पुढे आयएमईआय क्रमांक असा एसएमएस १४४२२वर पाठवला, की त्या फोनची नोंद काय सांगते ते कळतं. ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावरही हे बघता येतं.

हप्त्यांवर घेत असाल तर एक सावधगिरी. दोन हजारांचा फरक २४ महिन्यांत विभागला की महिन्याला साधारण ८३ रुपये होतात आणि मन लगेच विरघळतं. विरघळू द्या, पण त्या ८३मध्ये ५जीच्या रिचार्जचे पन्नास मिळवून मग ठरवा.

राहता राहिले ते काका. त्यांच्या मुलाला मी एवढंच सांगेन, की वडिलांना घेऊन दुकानात जायच्या आदल्या दिवशी तुझा फोन एका संध्याकाळपुरता त्यांना दे. त्यांचं सिम त्यात घाल आणि त्यांना त्यांच्या खुर्चीत बसू दे, देवघरात बसू दे, गॅलरीत बसू दे. पडद्याच्या कोपऱ्यातलं ‘५जी’ ते बघतीलच. पण तू मात्र त्यांच्या बोटाकडे बघ. ते ॲप उघडायला थांबतंय की नेटसाठी थांबतंय, की जागा संपल्याचा निरोप पुसायला थांबतंय? दुसऱ्या दिवशी दुकानदार दोन बॉक्स पुढे सरकवेल, तेव्हा त्यातला कोणता उचलायचा हे तुला त्या बोटावरून कळलेलं असेल.